स्तनपायी अर्भकातील अन्न-ॲलर्जी
स्तनपायी अर्भकातील अन्न-ॲलर्जी : आईच्या आहारातील प्रथिनांचा अल्पांश तिच्या दुधात उतरतो व तो मोजक्या अर्भकांना सोसत नाही. कारण बहुधा गाई-म्हशीच्या दुधातील प्रथिने, क्वचित सोयाबीन वा अंडे असते. शौचातून रक्त पडणे, चिवट इसब व वारंवार उलट्या ही संशयास्पद लक्षणे होत. केवळ रडणे हा पुरावा नव्हे.

यवतमाळ जिल्ह्यात तूर हे एक प्रमुख अन्नपीक आहे. शंका येताच बाळंतिणीचे वरण, दूध व भाज्या एकदम बंद केल्यास तिचेच पोषण खालावते. म्हणून स्तनपान चालू ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने एकच संशयित पदार्थ २ ते ४ आठवडे वर्ज्य करतात. लक्षणे शमल्यास तो पुन्हा देऊन पाहतात. ती उलटली तरच निदान पक्के होते. गाईच्या दुधाऐवजी म्हशीचे वा शेळीचे दूध घेऊन सहसा उपयोग होत नाही. या काळात तीळ, नाचणी, पालेभाज्या व आवश्यक तर गोळ्या यांतून आईला कॅल्शियम मिळावे. बहुतेक मुलांत हा दोष वयाबरोबर नाहीसा होतो. चेहरा सुजल्यास वा श्वास अडखळल्यास अर्भकास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.