काया फया, होयीची सुट्टी

खानदेशात पहिलीच्या वर्गाला ‘ळ’ शिकवणं म्हणजे दमाचं काम. बाई फळ्यावर ‘कमळ’ लिहितात, वर्ग एका सुरात म्हणतो, ‘कमय!’ घरच्या अहिराणीत आणि लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्याला पोरं काय करणार? शाळा झाली ‘शाया’, काळा फळा ‘काया फया’. बरं, जिल्ह्यांची नावं तरी सोपी असावीत? जळगाव आणि धुळे! म्हणजे घरी जयगाव आणि धुये. ज्या सुट्ट्यांकडे डोळे लावून बसायचं, त्याही नेमक्या ळवाल्याच: पोया, दिवायी, होयी.

वर्गात सर विचारतात, ‘काय करतोयस रे?’ मधल्या सुट्टीत दोस्त विचारतो, ‘काय करी रायना रे?’ एकाच खोडीचं उत्तर दोन भाषांत तयार ठेवावं लागतं. अहिराणीत ‘आहे’चं ‘शे’ आणि ‘घरात’चं ‘घरमा’. शेजारच्या गुजरातीशी नातं लपत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूर-चोपड्याकडे, मामला आणखी रंगतो. पावरा आदिवासी पोराची घरची बोली पावरी, बाजारातली अहिराणी आणि पुस्तकातली मराठी. होळीच्या तोंडावर जत्रेसारखे भोंगऱ्या बाजार भरले की हजेरीपटाकडून हेडमास्तरांनीही फार आशा धरू नये.

भुसावळ, जळगाव, धुळ्यात उर्दू शाळाही आहेत. तिथलं पेन उजवीकडून डावीकडे धावतं, मध्येच आकडा आला की उलटं फिरतं, कारण आकडे मात्र डावीकडूनच. मग तास बदलतो, मराठीचं पुस्तक उघडतं आणि सगळी ओळच दिशा बदलते. आपल्याला एका दिशेने जाताना घाम फुटतो!

बोलींच्या या गर्दीत बाहेरचे मास्तरही आले. १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिकवायला आलेले साने गुरुजी मूळचे कोकणातले, पालगडचे. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढत.

कवयित्री बहिणाबाई चौधरी मात्र इथल्याच; जन्मल्या जळगावजवळच्या आसोद्यात, १८८० साली. शाळेचं तोंड पाहिलं नाही. गाणी तोंडी रचली, ती पुस्तकात आली १९५२मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. आता जळगावच्या विद्यापीठाच्या पदवीवर त्यांचंच नाव छापलेलं असतं. त्यांची इथल्या बोलीतली कविता शिकताना पुण्या-मुंबईच्या पोरांना शब्दागणिक तळटीप लागते. इथे वर्गातलं सगळ्यात मागचं बाकसुद्धा अर्थ सांगतं. एरवी ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावलं जाणारं पोर त्या एका तासापुरतं मास्तर होतं.

आणि खाणं. २०२३मध्ये शाळेच्या पोषण आहारात सरकारी खर्चाने आठवड्यातून एकदा अंडं आलं, ते २०२५पर्यंत. न खाणाऱ्याला केळं. त्यात रावेर-यावलकडे, जिथे नजर जाईल तिथे केळीच, तिथल्या पोराच्या हातात सरकारी केळं! ते आधी देठ बघायचं, मग साल दाबून बघायचं, व्यापाऱ्यासारखं. मग शेजाऱ्याला कोपर मारून निकाल द्यायचं, ‘आमच्या मयातलं केयं याच्याहून मोठं!’