वजन उतरलं, पण नेमकं काय उतरलं?

गुडघेदुखीसाठी दवाखान्यात गेलेल्या आजींना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘वजन कमी करा’. सल्ला चुकीचा नाही. पण सत्तरीतल्या बाईने तो नुसतं रात्रीचं जेवण सोडून अमलात आणला, तर चरबीबरोबर मांडीचे स्नायूही झिजतात. काटा खाली आला म्हणून घरचे खूश होतात, आणि आजींना खुर्चीतून उठायला हाताचा आधार लागू लागतो.

अमेरिकेत सेंट लुइसला डॉ. डेनिस व्हिलारिअल यांच्या गटाने हे नीट मोजलं. पासष्टीपुढच्या १०७ लठ्ठ स्त्री-पुरुषांपैकी काहींचा आहार कमी केला, काहींना व्यायाम दिला, काहींना दोन्ही. उरलेल्यांचं नेहमीसारखंच चालू ठेवलं. चाचण्या रोजच्या जगण्यातल्या होत्या: जमिनीवरचं नाणं उचलणं, अंगात कोट चढवणं, जिना चढणं. निष्कर्ष २०११मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात आहारवाल्यांचं वजन १० टक्के उतरलं, दोन्ही करणाऱ्यांचं ९ टक्के. काट्यावर जवळपास बरोबरी! पण खुब्याच्या हाडाची घनता आहारवाल्यांची ३ टक्के घटली, दोन्ही करणाऱ्यांची १ टक्का. रोजच्या कामांचे गुण पहिल्यांचे १२ टक्के वाढले, दुसऱ्यांचे २१ टक्के. सगळ्यात बोलकी गोष्ट व्यायामवाल्यांची. वजन जवळपास तेवढंच राहिलं, तरी त्यांचे गुण १५ टक्क्यांनी वाढले.

आपल्याकडे काटा आणखी फसवा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३; शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे सडपातळ दिसणारे आजोबाही आतून चरबीचे आणि स्नायूंनी कमकुवत असू शकतात.

मग व्यायाम कोणता? सकाळचा फेरफटका चांगलाच, पण तो पुरत नाही. व्हिलारिअल यांच्याच २०१७च्या अभ्यासात चालण्यासारख्या व्यायामाला वजन उचलण्याची जोड दिलेला गट दोन्ही एकेकट्या प्रकारांपेक्षा पुढे गेला. आणि ‘आता या वयात काय?’ असं म्हणणाऱ्यांना बॉस्टनचा १९९०चा प्रयोग सांगायलाच हवा. वृद्धांच्या निवासी संस्थेतल्या, वयाची ८६ ते ९६ वर्षं गाठलेल्या माणसांनी आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सुचवते. हृदयविकार असेल किंवा सांधा बदललेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

पायांची ताकद घरीही तपासता येते. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीत बसायचं, हात छातीवर घ्यायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. सोबत कुणीतरी हवंच. ७० ते ७४ वयाच्या बाईला १० वेळा किंवा पुरुषाला १२ वेळा जमलं नाही, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे, असं डॉक्टर मानतात.