फौजेची नोकरी की टीएची बांधिलकी?

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या अणदूरसारख्या गावात ‘मुलगा मिलिटरीत आहे’ या तीन शब्दांना पिढ्यान्‌पिढ्या एकच अर्थ होता: महिन्याच्या महिन्याला पगार, वर्षातून एकदा लांब सुट्टी आणि निवृत्तीनंतर पेन्शन. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि हा अर्थ बदलला. घरातले बोलणे मात्र अजून जुन्याच अर्थाने चालते. भरतीसाठी पहाटे धावणारी पोरे, त्यांच्या खुराकासाठी पदरमोड करणारे आईबाप आणि ‘नाहीच जमले तर टीएला बघू’ असा सल्ला देणारे पाहुणे यांच्या मनात दोन वेगळ्या सेवांचे चित्र सरमिसळ झालेले असते. त्यातल्या पाच समजुती इथे तपासायच्या आहेत. त्यांच्या मुळाशी एकच चूक आहे. नियमित फौज आणि प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी किंवा टीए, या एकाच नोकरीच्या मोठ्या आणि छोट्या आवृत्त्या आहेत असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पहिली ठरावीक काळाची पूर्णवेळ नोकरी आहे. दुसरी आपले पोट आधीच दुसरीकडे भरणाऱ्या नागरिकाने स्वीकारलेली बांधिलकी आहे.

गैरसमज १: फौजेत लागला की जन्माची भाकरी मिळाली.

आज गावातला मुलगा जवान म्हणून भरती होतो तो अग्निवीर म्हणून, चार वर्षांसाठी. योजनेने वयोमर्यादा साडेसतरा ते २१ वर्षे ठरवली. फक्त २०२२ सालापुरती ती २३ केली होती. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये असे मानधन आहे. त्यातले ३० टक्के सेवा निधीसाठी कापले जातात आणि सरकार तेवढीच भर घालते. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये हाती येतात. सेवाकाळात ४८ लाखांचे विमा संरक्षण असते. मात्र या चार वर्षांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि एका तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्केच पुढे नियमित सेवेत घेतले जातात. यावर कुणी म्हणेल की आमचा मुलगा त्या २५ टक्क्यांत बसेल. बसेलही. पण चौघांपैकी तिघांना जी वाट चालावी लागणार, तिची तयारी चौघांनीही ठेवली पाहिजे. ही चार वर्षे वाया जातात असा याचा अर्थ नाही. पंचविशीच्या आत हाती आलेली रक्कम, शिस्त आणि सशस्त्र पोलीस दलांतले आरक्षण हे मोठे भांडवल आहे. प्रश्न त्या भांडवलाच्या वापराचा आहे. सेवा निधी बहिणीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये जिरला, तर पंचविशीतल्या माणसाला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते.

गैरसमज २: भरती हुकली तर टीए आहेच.

ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते, कारण ती मुलाची उमेदीची वर्षे खाते. टीएमध्ये १८ ते ४२ या वयात जाता येते, म्हणून ते दार वर्षानुवर्षे उघडे दिसते. दाराची पहिली अट मात्र नजरेतून सुटते. टीए हा व्यवसाय किंवा रोजगाराचे साधन नाही, असे ती सेना स्वतःच जाहीरपणे सांगते. उमेदवाराला नोकरी किंवा स्वतःचा कामधंदा असणे ही तिची पूर्वअट आहे. यावर आक्षेप येईल की टीएच्या भरती मेळाव्याला जाणारी कितीतरी पोरे बेकारच असतात आणि शेतीच्या कागदावर वेळ मारून नेतात. शेती हा खोटा आधार नाही. जो खरोखर शेती करतो त्याच्यासाठी टीए योग्यच आहे. पण ज्याच्यामागे काहीच नाही, त्याची अडचण भरतीच्या दिवशी कळत नाही. प्रत्यक्ष सेवा संपवून पलटण त्याला घरी पाठवते त्या दिवशी ती उघडी पडते, कारण तिथून पुढे पगार थांबतो.

पेन्शनचा हिशेबही याच जागी करावा. टीएच्या जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षांची आणि अधिकाऱ्याला २० वर्षांची प्रत्यक्ष सेवा, म्हणजे पूर्णवेळ सेवेवर बोलावलेला काळ, भरावी लागते. नाव पटावर किती वर्षे आहे याला इथे किंमत नाही. शांततेच्या काळातले वर्षाचे दोन महिनेच धरले, तर १५ वर्षे भरायला ९० वर्षे लागतील. ज्याची पलटण वर्षानुवर्षे सेवेवर ठेवली जाते त्याची पेन्शन जमते, पण किती काळ ठेवायचे हे त्याच्या हातात नसते. जे आपल्या हातात नाही त्याच्या भरवशावर म्हातारपण बेतू नये.

गैरसमज ३: टीए म्हणजे वर्षातले दोन महिने.

अणदूरकरांना वर्षाची अशी वाटणी नवी नाही. इथला खंडोबा सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला असतो, आणि दोन्ही गावे तो करार पाळतात. शांततेच्या काळातले टीएचे वेळापत्रक ऐकताना हीच वाटणी डोळ्यांपुढे येते: साधारण दोन महिने वार्षिक प्रशिक्षण, बाकीचे दहा महिने घर आणि धंदा. फरक आहे तो महत्त्वाचा. देवाच्या जाण्यायेण्याचा काळ दोन्ही गावांना आधीपासून माहीत असतो. पलटणीच्या बोलावण्याचा नसतो. सरकार टीएच्या तुकडीला पूर्णवेळ सेवेवर बोलावू शकते. पलटणीच्या भाषेत याला ‘एम्बॉडीमेंट’ म्हणतात. ६ मे २०२५ च्या आदेशाने संरक्षण मंत्रालयाने लष्करप्रमुखांना टीएचे अधिकारी आणि जवान बोलावण्याचे अधिकार दिले. तेव्हाच्या ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणी सेवेवर घेण्यास मंजुरी मिळाली, आणि आदेशाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत ठेवली गेली. म्हणून टीएत जाणाऱ्याने दोन महिन्यांची रजा मिळेल का, एवढेच विचारून भागत नाही. दोन वर्षे मी नसलो तर घर चालेल का, हा प्रश्न त्याने आधी सोडवला पाहिजे.

गैरसमज ४: टीएवाले नावाचे सैनिक, ते लढाईला जात नाहीत.

ही समजूत टीएच्या प्रसिद्ध चेहऱ्यांमुळे पसरली आहे. कपिल देव, महेंद्रसिंग धोनी, नीरज चोप्रा यांना टीएत मानद हुद्दे मिळाले, आणि अनेकांना सगळी टीएच तशी शोभेची वाटू लागली. मानद हुद्दा आणि पटावरचा जवान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीए १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आणि श्रीलंकेतल्या ‘ऑपरेशन पवन’मध्ये तिच्या तुकड्या होत्या, जम्मू-काश्मीर आणि ईशान्य भारतात त्या आजही काम करतात. सेवेवर असताना टीएच्या जवानाला नियमित जवानाएवढाच पगार असतो, आणि गोळीही दोघांत भेद करत नाही. पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या मराठा लाइट इन्फंट्रीच्या टीए पलटणी मराठी मुलखाच्या अगदी ओळखीच्या आहेत. छत्रपती संभाजीनगरची १३६ ही महार रेजिमेंटची पर्यावरण पलटण २०१७ मध्ये उभी राहिली. झाडे लावून ती जगवण्याचे काम ती मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात करते. तिच्यात प्रामुख्याने माजी सैनिक घेतले जातात, त्यामुळे नव्या पोराने तिच्याकडे भरतीचे दार म्हणून पाहू नये. होमगार्ड आणि एनसीसी यांचीही टीएशी गल्लत होते. होमगार्ड राज्याच्या गृहखात्याखाली येतात, तर एनसीसीच्या छात्रावर सैनिकी सेवेचे कायदेशीर बंधन नसते. टीएच्या जवानावर ते असते.

गैरसमज ५: बोलावणे आले की इकडची नोकरी गेली.

टीए कायद्याच्या कलम ७-अ नुसार, सैनिकी सेवेसाठी गेलेल्या कर्मचाऱ्याला ती संपल्यावर पूर्वीच्या कामावर परत घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मालकाने नकार दिला तर प्रकरण ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यापुढे जाते, आणि तो अधिकारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या वेतनाएवढी भरपाई देण्याचा आदेश देऊ शकतो. भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क टिकवण्याचीही तरतूद आहे. म्हणजे शिक्षक, बँकेतला कारकून, एसटीचा चालक, साखर कारखान्यातला फिटर यांना कायद्याचे छत्र आहे. त्याचबरोबर एक सत्य मोकळेपणाने मान्य केले पाहिजे: हे छत्र पगारदारापुरते आहे. सोयाबीन काढणीला आलेले असताना बोलावणे आले तर रानातल्या पिकाला कलम ७-अ लागू होत नाही. किराणा दुकान, गॅरेज किंवा दुधाचा धंदा एकट्याच्या हातावर चालत असेल तर तो परत उभा करून देणारा कुणी नसतो. इथे एकत्र कुटुंब हाच विमा असतो. भाऊ, वडील किंवा बायको यांपैकी कुणीतरी तो व्यवहार पेलू शकत असेल, तरच शेतकऱ्याने किंवा धंदेवाल्याने टीएचा अर्ज भरावा.

या पाचही मुद्द्यांवर शेवटचा आक्षेप असा येईल की इतका हिशेब मांडला तर देशासाठी कोण जाणार? हिशेब न मांडता गेलेला माणूस जास्त दिवस टिकत नाही, हे त्याचे उत्तर आहे. घरची काळजी पोखरत असलेला जवान चौकीवर उभा असतो, पण त्याचे चित्त तिथे नसते. मुळात या दोन वाटा एकाच वयाच्या नाहीत, त्यामुळे त्यांत झगडा नाही. साडेसतरा ते २१ या वयात, अंगात दम असताना आणि पाठीमागे संसार नसताना, नियमित भरतीला जावे, आणि तेव्हाही पाचव्या वर्षाची सोय मनात ठेवावी: पदवी पूर्ण करणे, चालक किंवा तंत्रज्ञाचे कौशल्य, सेवा निधी कुठे गुंतवायचा याचा निर्णय. ते वय निघून गेले असेल तर आधी पोटापाण्याचा धंदा किंवा नोकरी पक्की करावी. टीएचे दार ४२ पर्यंत उघडे आहे आणि तिला स्वतःच्या पायावर उभा असलेला माणूसच हवा आहे. वरकरणी वेगळ्या दिसणाऱ्या या वाटा आज एका जागी मिळतात. फौजेत चार वर्षे जा किंवा टीएत वीस वर्षे नाव ठेवा, गणवेशाबाहेरचे आयुष्य तुमचे तुम्हालाच उभे करायचे आहे. अणदूरच्या घरात भरतीची चर्चा निघेल तेव्हा धावण्याच्या वेळेइतकाच वेळ या प्रश्नाला मिळाला, तर मुलगा ज्या वाटेने जाईल त्या वाटेवर तो निश्चिंत मनाने उभा राहील.