रँकचा स्क्रीनशॉट पाहून जाहिरात देऊ नका

आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठच्या बेला मंडलात मराठी घरोघरी बोलली जाते. अशा भागातल्या बियाणे-खतांच्या दुकानदाराकडे एखादा बातम्यांचा पोर्टलवाला जाहिरात मागायला येतो, तेव्हा वेबसाइटचा 'रँक' दाखवतो. दुकानदाराला वाटते, रँक म्हणजे वाचकांची मोजदाद.

पण रँक म्हणजे तशी मोजदाद नव्हे. वर्षानुवर्षे ज्याचा दाखला दिला जाई तो 'ॲलेक्सा रँक' मुख्यतः ज्यांच्या ब्राउझरमध्ये ठरावीक टूलबार किंवा एक्स्टेन्शन होते, अशांच्या वावरावरून काढलेला अंदाज होता. मालकाने, नोकरांनी, मित्रांनी टूलबार बसवून रोज साइट उघडली, की क्रम वर सरके. पहिल्या एक लाखाबाहेरचे क्रम फारसे भरवशाचे नाहीत, असे ॲलेक्साच सांगत असे. जिल्हा पातळीवरचे पोर्टल बहुधा त्याच गर्दीत असे. ॲलेक्साची मालक असलेल्या अ‍ॅमेझॉनने १ मे २०२२ रोजी ही सेवा बंद केली. आजही कुणी तो आकडा दाखवत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

आकडा फुगवायला मोठा हॅकर लागतो, हाही भ्रमच. २०१९ साली संशोधकांनी चार प्रसिद्ध क्रमवाऱ्या तपासल्या. चारही सहज बदलता आल्या. ॲलेक्साच्या यादीत तर सर्व्हरला पाठवलेली एकच बनावट विनंती पुरली.

विकत घेतलेल्या लिंकांनी गूगलवर कायमचे वर राहता येते, असेही सांगितले जाते. अमेरिकेतले जेसी पेनी हे बडे दुकान अशा लिंकांच्या जोरावर कितीतरी शोधांत पहिले येत होते. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते उघड केले आणि गूगलने त्याला थेट खाली ढकलले.

'यात कुणाचे काय जाते?' हा मला सर्वांत घातक गैरसमज वाटतो. दुकानदाराचे पैसे जातातच. शिवाय कापसाच्या यार्डात उभे राहून खरा भाव लिहिणाऱ्या वार्ताहराच्या वाट्याची जाहिरात बनावट आकडा पळवतो. टीव्ही वाहिन्यांच्या टीआरपीचेही तेच झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी फेरफाराचा तपास जाहीर केल्यावर प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले, ते मार्च २०२२ मध्येच पुन्हा आले. तोवर प्रामाणिक वाहिन्यांनाही मोजमाप उरले नव्हते.

म्हणून जाहिरात देण्याआधी पोर्टलवाल्याला तुमच्यासमोर गूगल ॲनालिटिक्स उघडायला सांगा. गेल्या तीन महिन्यांत आदिलाबाद, यवतमाळ, नांदेडकडचे वाचक किती आले आणि पानावर किती वेळ थांबले, ते पाहा. तो टाळाटाळ करू लागला, तर पैसे देऊ नका.