शुक्रवारी सकाळी पावणेनऊ

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, सकाळी पावणेनऊ वाजता आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. आठवड्याला एक याप्रमाणे बावन्न गीते योजिली होती. वर्षात अधिक मास आला आणि ती छप्पन्न झाली. अधिक महिन्याने हिशेब कसा वाढतो, हे व्यापारी घरांना वेगळे सांगावयास नको.

रामकथा या मुलखाला नवी नव्हती. विमलसूरींचे ‘पउमचरिय’ महाराष्ट्री प्राकृतातच रचलेले आहे. नवी होती ती वेळ. एकाच क्षणी सहस्रावधी घरांनी एकच स्वर ऐकावा, हे पूर्वी कोणत्याही कीर्तनाला साधले नव्हते. रेडिओ मोजक्या घरांत असे, त्यामुळे शेजारीपाजारी तेथे जमत. कोणी यंत्राला हार घालीत, कोणी उदबत्ती लावीत. तेच गीत शनिवारी आणि रविवारी पुन्हा लागे आणि पुण्याची वृत्तपत्रे त्याचे शब्द छापीत. १९५७च्या विजयादशमीला त्याचे पुस्तक आले, किंमत दोन रुपये.

या ऐक्यामागे ध्वनिलहरी वाहून नेणाऱ्या रेडिओलहरींचा स्वभावही होता. मध्यमलहरी भूपृष्ठाला धरून दूरवर जातात, रात्री तर वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन आणखी लांब पोहोचतात. दूरचित्रवाणीच्या लहरी मात्र जवळजवळ सरळ रेषेत धावतात. म्हणूनच पुण्यासाठीचा मनोरा सिंहगडावर उभारावा लागला. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीच्या डोंगरी मुलखात माथ्यावरच्या घरी चित्र स्वच्छ आणि खाली खोऱ्यात पडद्यावर नुसत्या मुंग्या, हा भेद अटळच.

चंद्रावर माणसाचे पहिले पाऊल पडले तेव्हा, १९६९ साली, जगातील कोट्यवधींनी ते थेट पाहिले. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तोवर मराठी घरांसाठी चंद्र हा रेडिओने ऐकावयाचा आणि वृत्तपत्रात वाचावयाचाच होता.

२५ जानेवारी १९८७ पासून रविवारच्या ‘रामायण’ मालिकेने बाजारपेठा ओस पाडल्या. २०२०च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा लागली. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. महाबळेश्वरची बाजारपेठ तेव्हा ऐन हंगामात बंद होती. आकडा प्रचंड खरा. पण या वेळी शेजारी उंबरठ्यापलीकडेच राहिला.

आता छप्पन्नही गीते फोनवर हव्या त्या क्षणी मिळतात, परदेशातल्या मराठी घरातही. शुक्रवारची वाट कोणी पाहत नाही, आणि एका खोलीतील चौघे चार निराळ्या गोष्टी ऐकत बसतात. माडगूळकर ज्या माणदेशातले, तेथेच, म्हसवडला, ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. त्याचा टप्पा आसपासच्या गावांपुरताच. बोलणारा आवाज मात्र बहुधा ओळखीचा असतो.