शिशाच्या गोळीच्या बुडाला तांब्याची वाटी : गॅस चेक नेमका काय करतो?

आजचा विषय नखाएवढ्या वस्तूचा आहे. अमेरिकेत बरेच नेमबाज आणि शिकारी काडतुसं घरीच भरतात. वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, तिच्यात नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवायची. त्यातले काही जण गोळीसुद्धा स्वतःच ओततात, शिसं वितळवून, साच्यात. या ओतीव गोळीच्या बुडाला तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ वाटी बसवलेली असते. तिचं नाव गॅस चेक.

ही वाटी का लागली, ते आधी पाहू. जुन्या काळ्या दारूत गोळीचा वेग मर्यादित असायचा आणि साधं शिसं तेवढं सहन करायचं. १८८६ साली फ्रान्सने बिनधुराच्या दारूची लेबेल रायफल आणली आणि वेग एकदम वाढले. कारखान्यांनी गोळीवर तांबे-निकेलसारख्या धातूचं पूर्ण कवच चढवलं. घरी ओतणाऱ्याला ते जमणारं नव्हतं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू हेवनच्या आयडियल कंपनीचे जॉन बार्लो यांनी मधला मार्ग काढला: कवच फक्त बुडाला.

आता मुख्य प्रश्न. ही वाटी करते काय? नेहमी मिळणारं उत्तर असं: दारूचा वायू दोन-अडीच हजार अंशांचा, शिसं वितळतं ३२७ अंशांना, तांबं १०८५ ला, म्हणून वाटी बुडाला वितळू देत नाही. ऐकायला चोख वाटतं, पण हे उत्तर टिकत नाही.

कारण गोळी नळीत असते ती सेकंदाचा हजारावा भाग, फार तर थोडा जास्त. एवढ्या वेळात उष्णता शिशाच्या आत पोचतच नाही. मातीच्या बांधातून परत काढलेल्या, वाटी नसलेल्या गोळ्यांच्या बुडावर दारूच्या दाण्यांचे ठसे दिसतात. बूड वितळलं असतं तर ठसे राहिले असते का? आणखी एक पुरावा कागदाचा आहे. एकोणिसाव्या शतकात गोळीला कागद गुंडाळायची पद्धत होती, आणि तो कागद नळीबाहेर न जळता पडायचा. आपल्याकडे १८५७ मध्ये ज्या एनफिल्ड काडतुसांवरून भडका उडाला, त्यांतही गोळीभोवतीचा कागद वंगण लावलेला असायचा. वंगण कशासाठी, तर गोळी नळीत सहज उतरावी आणि नळीत मळ साचू नये म्हणून.

मग शिसं खराब होतं कुठे? कडेला. प्रेशर कुकरची रिंग सैल झाली की वाफ सगळीकडून सुटत नाही, जिथे फट सापडते तिथूनच जोरात फुसकन येते. नळीतही तसंच. गोळी आणि नळीच्या चरा यांच्यात फट राहिली की प्रचंड दाबाचा वायू तिथून घुसतो, जाता जाता शिसं खरवडतो आणि ते नळीला थापतो. यालाच शिसं धरणं म्हणतात. गॅस चेकची कड शिशापेक्षा कठीण असते. ती चरांत घट्ट बसते, फट बुजवते आणि गोळीला पेचाबरोबर फिरायला पकड देते.

दुसरं काम तितकंच मोलाचं: बूड चौरस ठेवणं. मॅसॅच्युसेट्सचे डॉ. फ्रँकलिन मान यांनी वर्षानुवर्षे मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या आणि १९०९ साली पुस्तक लिहिलं. टोक बिघडलं तर नेमावर फारसा फरक पडत नाही. बूड बिघडलं तर गोळ्या विखुरतात. कारण नळीतून सुटताना वायू शेवटचा धक्का बुडालाच देतो. बूड तिरकं, तर धक्काही तिरका.

म्हणूनच वाटी वाकडी बसली किंवा सैल राहून वाटेत गळली, तर ती नसलेली बरी. शिवाय ती कुठल्याही गोळीला बसत नाही. साच्यातच बुडाशी तिच्यासाठी पायरी असावी लागते.

पण क्रम लक्षात ठेवा. पहिलं माप: गोळी चरांच्या व्यासापेक्षा एक-दोन हजारांश इंच मोठी हवी. दुसरा मिश्रधातू: शुद्ध शिशाची ब्रिनेल कठीणता ५ च्या आसपास, अँटिमनी आणि कथील मिसळलेल्या लायनोटाइपची, म्हणजे छापखान्यातल्या खिळ्यांच्या जातीच्या धातूची, सुमारे २२. गॅस चेक तिसरा. साध्या बुडाची गोळी साधारण सेकंदाला १४००-१६०० फुटांपर्यंत नीट चालते. वाटीने २००० च्या पुढे जाता येतं. पण माप चुकलेली गोळी वाटीने सुधारत नाही. लोक तिथेच फसतात. नळी शिसं धरते, ते वाटीवर वाटी बदलत बसतात, आणि दोष मापात असतो. शिकाऱ्याच्या बाबतीत याची किंमत जनावर मोजतं: नेम ढळला की ते मरत नाही, जखमी होऊन पळतं.

शिशाची दुसरी किंमत माणसाची. ओतताना खरा धोका वाफेपेक्षा धुळीचा आणि वरच्या मळीचा; ती हाताने तोंडात जाते. म्हणून मोकळी हवा, हात धुणं, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकात कधीच नाही. कॅलिफोर्नियात तर कॉन्डर गिधाडं शिशाने मरतात म्हणून २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर बंदी आहे. तिथे वाटी लावूनही चालत नाही. आणि भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, तेव्हा इथे हा विषय समजून घेण्यापुरताच.

सांगायचं ते इतकंच: उत्तर सोपं वाटलं की आधी बूड तपासा. गोळीचंही, आणि उत्तराचंही. आता प्रश्न घेऊ.