जाणाऱ्या हवेची वाट

ज्या कारखान्यांत सिलिकॉनच्या चकत्यांवर चिप घडविल्या जातात, तेथील स्वच्छ खोलीची कीर्ती आत येणाऱ्या हवेमुळे झाली आहे, आणि ते यथायोग्यच आहे. कारण अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० च्या सुमारास गाळलेल्या हवेचा एकाच दिशेने वाहणारा संथ प्रवाह सिद्ध केला नसता, तर हा उद्योग आजच्या स्थितीस पोहोचता ना. माझा संबंध मात्र बाहेर जाणाऱ्या हवेशी आला, आणि तेथे काम करणाऱ्या माणसाचे प्राण याच हवेच्या बंदोबस्तावर अवलंबून असतात, असे माझे ठाम मत आहे.

या कामाचा आरंभ डक्टच्या व्यासापासून होत नाही. कोणत्या यंत्रातून काय निघते याचा तपशीलवार तक्ता पुढ्यात घेऊन, कोणाची कोणाशी गाठ पडू द्यायची नाही, हे आधी ठरवावे लागते. हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि अमोनिया एका डक्टमध्ये आले, तर तेथल्या तेथे नवसागर तयार होतो. त्याचा पांढरा, अतिसूक्ष्म चुरा डक्टच्या अंगावर बसत जातो, आणि उरलेला, वायू धुणाऱ्या स्क्रबरच्या पाण्यालाही न जुमानता धुराड्यातून बाहेर पडतो. म्हणून आम्लाचा मार्ग निराळा, अमोनियाचा निराळा. आयसोप्रोपिल अल्कोहोलसारखी ज्वालाग्राही द्रावके धातूच्या, अर्थिंग केलेल्या डक्टमधून न्यायची. आम्लासाठी फायबरग्लासचा डक्ट चालतो, परंतु हायड्रोफ्लोरिक आम्ल काचेलाच खाते, तेव्हा त्याच्या आतल्या अस्तरात काचतंतूंऐवजी कृत्रिम धाग्याचा थर मागवावा लागतो.

सिलेन वायूचा प्रश्न याहून गंभीर. हवेचा स्पर्श होताच तो ठिणगीवाचून पेट घेतो, हे भयंकर खरेच; पण कधी कधी तो तत्क्षणी पेटत नाही, साठत राहतो आणि मग स्फोट होतो, हे त्याहून भयंकर. त्यामुळे त्याला यंत्राजवळच जाळून, पाण्याने धुऊन पुढे सोडतात. तरीही जळून उरलेली सिलिकाची पूड ओल्या भागात थिजते, म्हणून साफसफाईची दारे नकाशातच दाखवावी लागतात. इतर इमारतींत आग लागताच डक्ट बंद करणारे फायर डँपर बसवितात. येथे विषारी वायूंच्या डक्टमध्ये ते बसवीत नाहीत, कारण वाट बंद झाली तर वायू माणसांच्या खोलीतच राहील.

काम उभे राहिल्यावर खरी परीक्षा होते. चकत्या जेथे आम्लात बुडवून धुतात त्या वेट बेंचच्या काठाशी धुराची नळी धरून उभे राहावे, आणि तो पांढरा धागा न डळमळता फटीत ओढला जातो की काठावरून माणसाच्या तोंडाकडे वळतो, हे एकाग्रतेने पाहावे. हवेच्या वेगाचा मोजलेला आकडा समाधानकारक असूनही धूर उलटा वळलेला मी पाहिला आहे. माझा विश्वास धुरावर. एका बेंचचा हवा कमीजास्त करणारा डँपर थोडा अधिक उघडला की पुढच्यांचा ओढा तुटतो, आणि पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याप्रमाणे टोकाचे यंत्र उपाशी राहते. तेव्हा टोकापासून पंख्याकडे, पुन्हा पंख्यापासून टोकाकडे, असे फिरतच हे संतुलन साधावे लागते.

बाहेर टाकलेल्या प्रत्येक घनमीटरच्या जागी गाळलेली, कोरडी केलेली, ठरावीक तपमानाची हवा आणावी लागते, आणि तिचा विजेचा खर्च मोठा असतो. म्हणून उत्सर्जन कमी करा, असा हुकूम खर्चाच्या दप्तरातून वारंवार येतो. काटकसर जरूर करावी, परंतु ती यंत्राचे आच्छादन सुधारून करावी, ओढा कमी करून नव्हे.

गुजरातेत धोलेरा येथे २०२४ साली अशा कारखान्याची पायाभरणी झाली, आणि आपल्याकडील तरुण अभियंते या क्षेत्रात येऊ लागले आहेत. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, तुळया, पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा यांतून उरलेल्या जागेत उत्सर्जनाचे डक्ट वाकवून बसविण्याची रीत सोडावी, आणि पहिल्या नकाशावर पहिली रेघ त्यांचीच काढावी.